अर्धी झोप की पुरती झोप

४ मार्च, मंगळवार

यकृतात गाठ निघाली. आधी म्हणे बोराएवढी, मग म्हणे द्राक्षाएवढी. डॉक्टर लोकांना फळांशिवाय माप सुचत नाही. मी म्हटलं, "अहो, मी शिंपीण आहे. शर्टाच्या बटणाएवढी की कोटाच्या?" तो बिचारा विचारात पडला. म्हणाला, "कोटाच्या."

कॅन्सर हा शब्द त्यानं अगदी शेवटी उच्चारला, तोही टेबलावरच्या पेनाकडे बघत. जसं काही पेनालाच झालाय.

पोट फाडणार नाहीत. फासळ्यांच्या मधून एक लांब सुई आत घालायची, तिचं टोक तापवायचं आणि गाठ जागच्या जागी जाळून टाकायची. मी म्हटलं, "म्हणजे आतून इस्त्री." डॉक्टर हसला. माझी लेक हसली नाही. ती माझ्या पर्सचा पट्टा पिळत बसली होती.

घरी आल्यावर पुढच्या खोलीतल्या दुकानात मशीनवर बसले. सुईत दोरा जाईना. लेक म्हणाली, "आई, राहू दे आज." मी म्हटलं, उजेड कमी आहे. खिडकीतून एवढं ऊन येत होतं की चष्म्यावर तिरीप येत होती.

६ मार्च, गुरुवार

आज सुईवाल्या डॉक्टरनं अजून एक सांगितलं. गाठ यकृताच्या वरच्या टोकाला आहे. आपण श्वास घेतला की यकृत खाली सरकतं, सोडला की वर. सुई आत असताना ते हललं तर नेम चुकायचा. हे मला लगेच कळलं. मशीन चालू असताना कापड ओढलं की टाका वाकडा जातोच.

"म्हणून भुलीचं नीट ठरवावं लागेल," तो म्हणाला. "आमच्या भुलीच्या डॉक्टर तुमच्याशी बोलतील. शेवटी तुम्ही दोघींनी मिळून ठरवा."

भूल म्हटल्यावर माझे हातपाय गार पडले. गाठीचं ऐकून पडले नव्हते एवढे. लेकीला दिसू नये म्हणून मी डॉक्टरला विचारलं, "भुलीची डॉक्टर स्वतः जागी असते ना?" तो परत हसला. मला दुसऱ्याला हसवायला बरं जमतं. मग बाहेर येऊन जिन्यात बसावं लागलं.

माझा नवरा गाठीनं गेला नाही, तापानं गेला नाही. भुलीनं गेला. आत जाताना मला म्हणाला होता, "उठलो की तुझ्या हातचा चहा." उठलाच नाही.

७ मार्च, शुक्रवार

भुलीची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची आहे. केस आखूड, पायात पळायचे बूट. मी म्हटलं, "पेशंट झोपवून पळून जाता की काय?" म्हणाली, "नाही मावशी. सुई आत गेल्यापासून तुम्ही डोळे उघडेपर्यंत मी तुमच्या उशाशी. चहालासुद्धा जात नाही."

मग तिनं शांतपणे समजावलं. तीन तऱ्हा आहेत. एक, नुसती जागा बधिर करायची, आपण टक्क जागे. पण माझी गाठ वरच्या आवरणाला लागून आहे, तिथं जाळताना फार दुखतं, त्यामुळे ते नकोच म्हणाली. दुसरी, अर्धी झोप. म्हणजे गुंगी येते पण आपला श्वास आपणच घ्यायचा, आणि ती म्हणेल तेव्हा रोखायचा. तिसरी, पुरती झोप. घशात नळी, श्वास मशीनच्या हातात, आणि ती पाहिजे तेव्हा तो थांबवणार.

"माझ्या मते पुरती बरी," ती म्हणाली. "गाठीची जागा अवघड आहे. पण अर्धीनंही प्रयत्न करता येईल. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "अर्धी. पुरतीनं माझा नवरा नेलाय."

तिनं हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाली, सांगा. मग मी सगळं सांगितलं. आतडं अडकलं होतं, रात्रीतून पोट फुगलं, सकाळी ऑपरेशन ठरलं. भूल दिली आणि तिथंच सगळं बिघडलं. मला नंतर म्हणाले, छातीत काहीतरी गेलं. आता छातीत कुठून काय जाणार? भुलीनं माणूस मारायचा आणि वर थापा मारायच्या.

तिनं विचारलं, "त्या सकाळी त्यांनी काही खाल्लं-प्यायलं होतं?"

मी म्हटलं, "बाई, मी काही एवढी दुष्ट नाही, नवऱ्याला उपाशी चाकूखाली पाठवायला! पाणीसुद्धा देऊ नका म्हणत होते. यांचं स्वयंपाकघर बंद म्हणून आपण उपाशी राहायचं होय? सिस्टरची पाठ वळली तसं मी थर्मासातलं पेलाभर दूध आणि चार बिस्किटं त्यांच्या पोटात घातली. नको नको करत होते, मळमळतंय म्हणत होते. मी म्हटलं, गप गिळा, ताकद राहील. सिस्टरनं विचारल्यावर मी डोळा मारला तसे तेही 'नाही' म्हणाले. निदान पोटात चार घास घेऊन गेला माझा माणूस. तेवढंच माझ्या जिवाला समाधान आहे."

हे लेकीला ठाऊक नव्हतं. तेव्हा ती नोकरीला लांब होती, पोचली ती सगळं आटोपल्यावर. तिच्या हातातली माझी फाईल खाली पडली, सगळे रिपोर्ट फरशीभर झाले. धांदरट आहे, बापावर गेलीय. ती आणि डॉक्टरीण दोघी वाकून कागद गोळा करत होत्या, आणि कितीतरी वेळ कोणी वर बघेना.

मग मला तपासणीसाठी रक्त द्यायला पाठवलं. परत आले तर दोघी दाराशी कुजबुजत उभ्या. मला बघून गप्प.

१० मार्च, सोमवार

कापड बेतायच्या टेबलावर आडवी पडून श्वास रोखायची सवय करतेय. मधूनच हसू येतं. शेजारचा चांभार डोकावून म्हणाला, "काय ताई, स्वतःचंच माप घेता काय?" मी म्हटलं, "हो, शेवटच्या कपड्याचं." तो बिचारा पांढराफटक पडला. नंतर मीही पडले. आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून.

दुपारी डोळा लागला आणि दचकून उठले. आता साधी झोपही लागू द्यायला भीती वाटते. झोप म्हणजे उतरता जिना वाटतो. परत वर यायच्या पायऱ्या असतील याची काय खात्री?

आणि आज जे ऐकलं त्यानं तर काळजाचं पाणी झालं. लेक मागच्या खोलीत फोनवर बोलत होती. पट्टी आणायला म्हणून मी गेले आणि दाराआड थबकले. ती म्हणत होती, "नको मॅडम, प्लीज. तिला सांगू नका. तिला ते झेपणार नाही. उरलेले दिवस ती त्यातच घालवेल."

उरलेले दिवस.

म्हणजे गाठ एक नाही. पसरलंय. बटणं सगळीकडे आहेत आणि या दोघी मला एकच दाखवतायत.

मी पट्टी न घेता परत आले. डाव्या बाहीला उजवी जोडली. दोनदा.

११ मार्च, मंगळवार

सगळी राहिलेली कामं पुरी करायला घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरचा कोट, शाळेच्या शिपायाची पँट, त्या ठेंगणीचा घागरा. मागे कुणाचं कापड अडकून राहायला नको. गिऱ्हाइकांना फोन केले, घेऊन जा म्हटलं. घागरेवाली म्हणाली, "अहो, तुम्ही वेळेवर देताय? बरं वाटत नाही का?" बघा, म्हणजे लोकांनाही कळतं.

लेक आली तेव्हा दुकान रिकामं. नुसत्या खुंट्या. ती बघतच राहिली. मी म्हटलं, "पसरलंय ना? खरं सांग. मी फोनवर ऐकलंय."

"काय ऐकलंस?" तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हीच पडते.

"उरलेले दिवस. झेपणार नाही. बहिरी नाही मी."

ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि गाठीचे फोटो मोबाईलवर काढून दाखवले. शपथ घेतली. एकच आहे, आई. एकच. एवढीच. पसरलेलं नाही. ती लहानपणी खोटं बोलली की डाव्या कानाची पाळी ओढायची. तिनं कानाला हात लावला नाही.

"मग मला सांगायचं नाही ते काय आहे?"

ती कात्री उघडत होती, मिटत होती. मी म्हटलं, "तू सांगितलं नाहीस तर मी सुईखाली जाणारच नाही. गाठ आहे तिथं राहू दे. ती आणि मी बघून घेऊ."

मग तिनं सांगितलं. बाबांच्या वेळी जे भुलीचं औषध वापरायचे ते खराब होतं. कितीतरी लोकांना बाधलं. आता ते कुणी वापरत नाही, बंद झालं. "मॅडम तुला सांगणार होत्या. पण मला वाटलं, तू त्या जुन्या दवाखान्यात जाऊन भांडशील. उरलेलं आयुष्य तेच उगाळत बसशील."

मी म्हटलं, "बघ! मी म्हणत नव्हते? इतकी वर्षं म्हणत नव्हते?" उठून दोन फेऱ्या मारल्या दुकानात. कुणीतरी छातीवरचा दगड उचलावा तसं झालं. मी उगाच नाही भुलीला घाबरत. औषधच खराब होतं. आणि ते आता नाही.

लेक रडत होती. आनंदानं रडत असेल. कानाची पाळी ओढत होती, पण ती सवय तिला आता रडतानाही लागलेली दिसते.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना गेल्या गेल्या धरलं. "काय हो, तुमच्या लोकांनी माझ्या नवऱ्याला सडकं औषध घातलं आणि तुम्ही दडवून ठेवता?"

तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं खाली बघितलं. मग डॉक्टरीण खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाली, "मावशी, त्यांच्या बाबतीत जे झालं, ते मी तुमच्या बाबतीत होऊ देणार नाही. एवढं मी लिहून देते."

"लिहून नको. डोळ्यात बघून सांगा."

तिनं सांगितलं. डोळे घारे आहेत तिचे.

मग तिनं मला तिथल्या पलंगावर निजवलं आणि श्वास रोखायला लावला. म्हणाली, सोडा, घ्या, अर्धा सोडा, आता थांबा. माझ्या बरगडीवर हात ठेवून ती बघत होती. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा तिचा हात गार लागला म्हणून हसू फुटलं. तिसऱ्यांदा खोकला. चौथ्यांदा श्वास धरला, पण प्रत्येक वेळी निराळ्याच जागी. तिनं लपवलं नाही. म्हणाली, "गुंगीत तर हे अजून अवघड जाईल. वर लगेच छातीचा पडदा आहे, त्याच्यावर फुप्फुस. सुई तिकडे गेलेली मला नको आहे."

मी पडूनच विचार केला. जागी राहिले तर मला माझ्या श्वासाची भीती. झोपले तर झोपेची भीती. एक भीती माझ्या हातातली, एक दुसऱ्याच्या. माझ्या हातात काय जमतंय ते तर दिसलंच.

"पुरती," मी म्हटलं. "पण हे बघा, नाही उठले तर मी तुम्हाला सोडणार नाही."

"उठलात तरी सोडणार नाही, हे दिसतंय मला," ती म्हणाली. चांगली आहे पोरगी.

मग तिनं बजावलं. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर पोटात काही नाही. एक घासही नाही. "जिवाला धोका असतो, मावशी. गंमत नाही." हेच एक वाक्य तिनं तीन तऱ्हांनी सांगितलं, आणि लेकीकडून वदवूनही घेतलं. धोका, धोका. सगळ्या दवाखान्यांचं हे एकच गाणं. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

१६ मार्च, रविवार

दाखल झाले. चार खाटांची खोली, त्यातल्या दोन रिकाम्या. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. फिनेलचा वास डोक्यात गेलाय.

शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई आहे, पित्ताच्या खड्यांची. तिचा नंबर उद्या सकाळी पहिला, माझा त्यानंतर. माझ्याहून घाबरट. मी तिला म्हटलं, "खडे काढणार ना? मग अंगठी करून घाल." हसली, आणि हसता हसता रडली. घरी दूधपितं बाळ आहे. म्हणाली, "काकू, डोळे मिटायचे म्हटलं की असं वाटतं, त्याचा चेहरा विसरेन."

मला माझंच म्हणणं दुसरीच्या तोंडून ऐकू आलं.

लेकीनं माझी पिशवी तीनदा तपासली. सुपारी काढली, खडीसाखर काढली. मी म्हटलं, "जेलर कुठली." पण शालीच्या घडीत मी बिस्किटांचा पुडा शिवून आणलाय. शिंपिणीला कोण पकडणार?

१७ मार्च, सोमवार, सकाळ

लिहायलाच पाहिजे, नाहीतर रडेन.

सकाळी लेक तोंड धुवायला गेली. शेजारीण भिंतीकडे तोंड करून हमसत होती. ओठ सुकलेले, रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. मला बघवेना. मी शालीची शिवण उसवली आणि तिच्या हातात बिस्किटं कोंबली. "खा पटकन. ताकद राहील. विचारलं तर नाही म्हणायचं." ती नको म्हणाली. मी म्हटलं, "बाळासाठी खा." मग खाल्ली.

लेक दारात उभी. कधी आली कळलंच नाही. तिचं तोंड असं झालं होतं, मी जन्मात तिला तशी बघितली नाही. ओरडली नाही, काही नाही. वळली आणि पळाली. सरळ सिस्टरच्या टेबलाकडे.

आणि सगळं सांगितलं! स्वतःच्या आईची चहाडी!

मग काय, गोंधळ. सिस्टर आली, शेजारणीला विचारलं. ती बावरून "नाही" म्हणाली. लेक म्हणाली, "खाल्लीयत, मी बघितलं." तिचं ऑपरेशन पुढे ढकललं. तिचा नवरा मला वाट्टेल ते बोलला. म्हणाला, "काकू, वय झालं, अक्कल नाही आली." आता चार बिस्किटांवरून एवढं? मी काय विष दिलं?

मी लेकीला म्हटलं, "तुझ्यापेक्षा परकी बरी. मरायला टेकलेल्या आईला चारचौघांत खाली बघायला लावलंस. तुझे बाबा असते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती."

तिनं ऐकून घेतलं. तोंड उघडलं, मिटलं. मी अजून बोलले, लागेल असं बोलले. तेही ऐकून घेतलं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. पळतच आल्या, बूट कशाला घालते ते आता कळलं. खाटेवर माझ्या पायाशी बसल्या. "तुम्ही खाल्लंत?"

"नाही."

"मावशी."

"नाही म्हटलं ना."

खरंच नव्हतं खाल्लं. दोन ठेवली होती, अगदी न्यायला येतील तेव्हा तोंडात टाकायला. पोलक्यात होती.

ती रागावली असती तर मी भांडले असते. ती म्हणाली, "मला भीती वाटते, मावशी. तुम्हाला वाटते ना, तशीच. तुम्ही झोपता तेव्हा मी एकटी जागी असते. तुमच्या पोटात काय आहे ते मला खरं कळलं नाही, तर माझ्या हातात काही राहत नाही."

डॉक्टरला भीती वाटते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आणि लेकीनं माझा हात धरला. तिचा हात एवढा कापत होता की खाटेची दांडी वाजत होती. एवढं काय कापायचं दोन बिस्किटांसाठी? मला कळलं नाही. अजून कळत नाही. पण ती माझी पोरगी आहे. ती अशी कापते आणि मी मात्र पोलक्यात बिस्किटं घेऊन हट्टाला बसते, हे काही बरं दिसेना. काढून दिली. भुगा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पुरती झोपच ना? अजून बदलता येईल."

मी म्हटलं, "बदलत नाही. फक्त लवकर करा. मला पळून जावंसं वाटतंय आणि माझ्याकडे तुमच्यासारखे बूट नाहीत."

ढकलखुर्ची आली. लेकीशी अबोला आहे. पण हात तिनं सोडलेला नाही, म्हणून हे एका हातानं लिहितेय. खूप भीती वाटते. खूप.

१९ मार्च, बुधवार

उठले.

काल लिहिता आलं नाही. घसा सोलल्यासारखा आहे आणि उजव्या खांद्यात कळ येते. जळालं पोटात आणि दुखतं खांद्यात, आमचं घरच उलटं. सुईवाला डॉक्टर म्हणाला, गाठ पुरी जळालेली दिसते, पण महिन्यानं फोटो काढू तेव्हा नक्की. म्हणजे महिनाभर परत भीती. चालेल. जागेपणीची आहे.

झोप कशी होती म्हणाल तर नव्हतीच काही. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर काहीतरी धरलं. मी म्हणत होते, "याला रबराचा वास..." आणि पुढचा शब्द म्हणायच्या आत कुणीतरी म्हणतंय, "मावशी, डोळे उघडा, झालं." मधला तुकडा कापून काढल्यासारखा. शिवणसुद्धा दिसत नाही.

शेजारणीचं आज सकाळी झालं. ती शुद्धीवर आल्यावर तिच्या नवऱ्यानं माझ्या लेकीला हात जोडले. माझ्याकडे अजून बघत नाही. ठीक आहे, लेकीकडे बघितलं तरी माझ्यातच आलं.

दुपारी लेक माझे केस विंचरत होती. अबोला कधी सुटला ते आम्हा दोघींनाही आठवेना. मी म्हटलं, "बघ, औषध चांगलं असलं की माणूस उठतो. तुझ्या बाबांना हे मिळालं असतं तर तेही असेच उठले असते."

तिचा कंगवा थांबला.

"हो आई," ती म्हणाली. "उठले असते."

मग खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. आता कशाला रडायचं? मी म्हटलं, "ये गं इकडे, वेडे. संपलं आता. कुणाची चूक नव्हती."

ती आली, आणि लहानपणी यायची तशी माझ्या कुशीत शिरली. सुईच्या जागी दुखलं. बोलले नाही.